एमबीए सीईटी : २०० प्रश्न, १५० मिनिटं आणि आजीची पाऊणकी

पहिल्यांदा सीईटी, म्हणजे महाराष्ट्रातली एमबीए प्रवेशाची परीक्षा, दिली तेव्हा माझे ४६ प्रश्न बघायचेच राहिले. चुकले असते तर एवढं वाटलं नसतं, पण बघितलेच नाहीत. नेरुळहून ठाण्याला येताना गाडीत उभी राहून हाच हिशोब चाललेला डोक्यात, की यातले निम्मे तरी सोपे असणार होते आणि ते मी एका गोल टेबलापायी घालवले. आठ माणसं, चार आत तोंड करून, चार बाहेर, त्यातला एक वकील आणि तो कुणाच्या तरी डावीकडून तिसरा. त्या एका सेटला, म्हणजे एकाच माहितीवरच्या पाच प्रश्नांना, मी ११ मिनिटं दिली. ११ मिनिटांनी कळलं की एक अट उलटी वाचली होती. शहाण्या माणसाने तिथे सोडून दिलं असतं, मी खोडून परत पहिल्यापासून मांडायला घेतला, का तर आता एवढा वेळ घातलाच आहे तर.

माझं मत विचाराल तर हे "घातलाच आहे तर" ज्याला आवरता येतं त्याचा पेपर वेळेत होतो. स्पीड, शॉर्टकट, वैदिक गणित हे सगळं नंतर. ज्यांना येत नाही त्यांचा वेळ कमी जातो हो, ते सोडून पुढे जातात, खरा वेळ जातो तो ज्यांना अर्धं येतं त्यांचा. मी त्या अर्धं येणाऱ्यांतली होते, म्हणून हे लिहितेय.

आधी पेपर कसा असतो ते बघू. मी दिली तेव्हा २०० प्रश्न, १५० मिनिटं, प्रत्येकी एक मार्क, पाच ऑप्शन, निगेटिव्ह मार्किंग नाही. लॉजिकल रीझनिंग (तर्काचे) ७५, अॅब्स्ट्रॅक्ट (आकृत्यांचे) २५, क्वांट (गणिताचे) ५०, व्हर्बल (इंग्रजीचे) ५०. सेक्शनला वेगळा टाइम नाही, दीड­शे मिनिटं तुमची, कुठे घालवायची ते तुम्ही ठरवा. तुमच्या वर्षीचं, परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलचं माहितीपत्रक मात्र स्वतः उघडून वाचा, क्लासच्या ग्रुपवर फिरणाऱ्या फोटोवर जाऊ नका, कारण पुढचं सगळं प्लॅनिंग या आकड्यांवर उभं आहे.

तर दीडशे मिनिटांत दोनशे म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. मी हे घरात मोठ्याने बोलत होते तर आजी भाजी निवडता निवडता म्हणाली, "अगं पाऊण मिनिट म्हण की सरळ. पाऊणकी येते का तुला?" पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा, मला कुठला यायला. तिला मात्र शाळेत पाठ करून घेतलेली पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी सगळी अजून तोंडावर. बे पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन, चार पाऊणे तीन, पाच पाऊणे पावणेचार. मला एकदम लख्ख दिसलं की हाच माझा टाइमटेबल आहे. चार प्रश्न म्हणजे तीन मिनिटं, पाच प्रश्नांचा सेट म्हणजे पावणेचार मिनिटं, आठ प्रश्न म्हणजे सहा मिनिटं. मला ११ मिनिटं लागलेल्या त्या सेटचा भाव पावणेचार होता, म्हणजे मी जवळजवळ तिप्पट पैसे मोजले आणि माल पण घरी आणला नाही.

स्क्रीनवर उरलेला वेळ उलटा मोजत जातो, हातात घड्याळ घालू देत नाहीत, त्यामुळे पाठ करायचं ते उरलेल्या वेळाचं. १२० मिनिटं उरली तर ४० प्रश्न मागे पडलेले हवेत, ९० उरली तर ८०, ६० ला १२०, ३० ला १६०. एवढे चारच आकडे. दर दोन मिनिटांनी घड्याळ बघणारे लोक असतात (मी होते), त्याने फक्त छातीत धडधड होते. अर्ध्या तासाने एकदा बघा, बस.

पण १ पासून २०० पर्यंत सरळ रांगेत सोडवत जायचं असा याचा अर्थ नाही. आमच्या क्लासमध्ये एक सर "क्रमाने जा, नंबर चुकत नाही" म्हणायचे, मी ते इमानेइतबारे ऐकलं, आणि त्याचंच फळ म्हणजे ते ४६. दुसऱ्या वेळी मी फेऱ्या मारल्या.

पहिल्या फेरीत सगळ्या २०० प्रश्नांवर नजर गेलीच पाहिजे. प्रश्न वाचला की सात-आठ सेकंदांत ठरवायचं, आत्ता करायचा, नंतर करायचा, की याच्याशी आपलं जमत नाही. आत्ताचा असेल तर लगेच सोडवा. नंतरचा असेल तर मार्क फॉर रिव्ह्यूचं बटण दाबून खूण करून ठेवा. न जमणारा असेल तर डोळे मिटून एक ऑप्शन टाका आणि सेव्ह करून चालू पडा, परत त्याचं तोंड बघू नका. हिशोब असा बसतो की साधारण १२० प्रश्न ४० सेकंदांनी केले तर ८० मिनिटं, उरलेल्या ८० वर दहा-दहा सेकंद गेले तर १३ मिनिटं, म्हणजे ९३-९४ मिनिटांत अख्खा पेपर बघून झाला आणि हातात पाऊण तासापेक्षा जास्त वेळ शिल्लक. आता दुसऱ्या फेरीत मार्क केलेले घ्या, इथे एखाद्याला मिनिट-सव्वा मिनिट दिलं तरी चालतं, ३५-४० प्रश्न होतात. आणि या वेळेला डोकं शांत असतं हो, कारण पुढे काय आहे याची भीती संपलेली असते. मला तर पहिल्या फेरीत बावळटासारखे न सुटलेले दोन-तीन प्रश्न दुसऱ्या फेरीत बघताक्षणी सुटले, ते का होतं माहीत नाही पण होतं खरं.

शेवटची पाच मिनिटं रिकामे चौकोन भरायला. निगेटिव्ह नाहीये तर रिकामं सोडणं म्हणजे ताटात वाढलेलं टाकून उठणं. पाच ऑप्शन आहेत, डोळे मिटून २० प्रश्न भरले तर सरासरी चार बरोबर येतात, आणि या परीक्षेत चार मार्कांनी कॉलेज बदलतं. म्हणूनच मी "नंतर" वाल्या प्रश्नांनाही आधी एक अंदाजपंचे उत्तर टाकूनच मार्क करायचे, म्हणजे शेवटी वेळ नाही मिळाला तरी चौकोन रिकामा नाही. उत्तर दिलेला आणि मार्क केलेला प्रश्न तपासणीत धरतात की नाही हे सूचनांच्या पानावर लिहिलेलं असतं, ते पान सगळे स्क्रोल करून उडवतात, तुम्ही वाचा. आणि अजून एक, ऑप्शन निवडून सेव्ह अँड नेक्स्ट न दाबता पॅलेटवरून (बाजूच्या प्रश्न नंबरांच्या चौकटीतून) दुसऱ्याच प्रश्नावर उडी मारली तर उत्तर सेव्ह होत नाही. मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, हे माझं सात प्रश्नांना झालं होतं, रिझल्ट बघून मी टेस्टवाल्यांनाच शिव्या घालत होते.

आता सेट. रीझनिंगच्या ७५ मध्ये सगळ्यात जास्त वेळ हेच खातात आणि सगळ्यात जास्त मार्कही इथेच एकगठ्ठा मिळतात, त्यामुळे सरसकट सोडून देणं पण परवडत नाही. मी नियम केला, दोन मिनिटं. दोन मिनिटांत तीन माणसं पक्की बसली नाहीत तर सेट मार्क करून पुढे. आणि तीन माणसं लवकर बसवायची असतील तर अटी छापलेल्या क्रमाने वाचून मांडायच्या नाहीत. समजा आठ जण गोल टेबलाला आत तोंड करून बसलेत आणि अटी अशा आहेत की डी हा ए किंवा जी यांच्या शेजारी नाही, ए हा एफच्या डावीकडे तिसरा आहे, एफ आणि एचच्या मध्ये दोन जण आहेत. पहिली अट "नाही" वाली आहे, ती आत्ता काही कामाची नाही, ठेवा बाजूला. दुसरी पक्की, एफला खाली बसवा, त्याच्या डावीकडे तिसऱ्या खुर्चीत ए. आता तिसरी अट घ्या, तिच्यात पण एफ आहे. मध्ये दोन जण म्हणजे एच हा एफपासून तिसराच, डावीकडे किंवा उजवीकडे, पण डावीकडची तिसरी खुर्ची एने घेतलीये, म्हणजे एच उजवीकडे तिसरा. झाले तीन पक्के, वीस सेकंदही गेले नाहीत. वर फुकटात हेही कळलं की ए आणि एचच्या मध्ये एकच खुर्ची आहे आणि ती एफच्या बरोब्बर समोर आहे. आता ती "नाही" वाली अट आणा, डी त्या मधल्या खुर्चीत नाही, ए च्या दुसऱ्या बाजूलाही नाही. राहिल्या तीन जागा. हेच जर डीपासून सुरू केलं असतं तर कागदावर चार टेबलं काढून बसला असतात. पक्की अट आधी, मग तिच्यातलं नाव ज्यात परत येतं ती अट, "नाही" वाल्या सगळ्यात शेवटी, आणि रफ कागद मिळाला की लगेच एका कोपऱ्यात आठ रेघांची दोन-तीन गोलं काढून ठेवा.

सोडायची सवय मात्र पेपर वाचून लागत नाही, हाताला लागावी लागते, आणि ती मला ट्रान्स हार्बरच्या, म्हणजे ठाणे-नवी मुंबई लोकलच्या गाडीत लागली. ठाण्याहून घणसोलीला ऑफिस. नऊ-दहा नंबरवरून गाडी पकडायची, नशीब असेल तर चौथी सीट. मॉकच्या प्रश्नांची झेरॉक्स काढून चार घड्या घालून पर्समध्ये असायची. दोन स्टेशनांमध्ये साधारण तीन-चार मिनिटं मिळतात, म्हणजे पाऊणकीने चार प्रश्न. नियम एकच, "पुढील स्टेशन" अशी अनाउन्समेंट झाली की जो प्रश्न हातात आहे तो तिथल्या तिथे सोडायचा, अर्धा असला तरी, अगदी शेवटची वजाबाकी राहिलेली असली तरी, आणि पुढच्या चारवर जायचं. पहिला आठवडा जीव नुसता तडफडायचा. रबाळे आलं तरी माझं डोकं ऐरोलीच्या आधीच्या प्रश्नात. मग हळूहळू ते सुटायला लागलं. २०२४ च्या जानेवारीत दिघा गाव स्टेशन सुरू झालं तेव्हा लोकांना वाटलं गाडीला अजून एक थांबा, मला वाटलं चला सोडायची प्रॅक्टिस करायला अजून एक तुकडा मिळाला. समोरच्या काकू एकदा म्हणाल्या, "अगं पूर्ण तरी कर ते, मला बघून कसंतरी होतंय." त्यांना काय सांगणार. तुमची गाडी वेगळी असेल, बस असेल, घोडबंदरला सिग्नलवर अडकलेली कॅब असेल, मुद्दा एवढाच की थांबायची वेळ तुमच्या हातात नको, बाहेरून आली पाहिजे. मोबाइलचा टायमर लावला तर आपण स्नूझ करतो, स्टेशन स्नूझ होत नाही.

मॉक किती दिल्या यापेक्षा दिल्यानंतर काय केलं ते बघा. मी वहीत चार रकाने आखायचे, प्रश्न नंबर, किती सेकंद लागले, बरोबर की चूक, आणि चौथा, सोडायला हवा होता का. बहुतेक मॉक वेबसाइट प्रत्येक प्रश्नाचा वेळ दाखवतातच, तोच उतरवायचा. चौथा रकाना भरताना खोटं बोलायचं नाही. एका मॉकमध्ये दोन मिनिटांच्या वर वेळ घेऊन वर चुकलेले असे माझे १४ प्रश्न निघाले आणि त्यांनी मिळून ३८ मिनिटं खाल्ली होती. ३८ मिनिटं म्हणजे पन्नास प्रश्नांचा वेळ! माझे राहिलेले ४६ कुठे गेले ते तिथे सापडले. पाच-सहा मॉकनंतर याच वहीतून कळतं की आपली गाडी नेमकी कुठे अडकते, माझी रीझनिंगच्या इनपुट-आउटपुट आणि विधान-गृहीतक या प्रकारांत अडकायची, मग मी ते प्रकार पहिल्या फेरीत सोडवायला घ्यायचेच नाहीत असं आधीच ठरवून जायला लागले. ठरवायला लागणारा वेळ पण वाचला.

मॉक शक्यतो कॉम्प्युटरवर आणि साध्या माउसने द्या. लॅपटॉपच्या टचपॅडवर किंवा मोबाइलवर सराव करून जाल आणि सेंटरवरचा माउस टेबलावर नीट सरकतच नाही असं निघेल. आणि बसायची सवय, अडीच तास न उठता, पाणी न पिता. रविवारी सकाळी घरात कुकरच्या शिट्ट्या, खाली भंगारवाला, वरच्या मजल्यावर ड्रिलिंग, असू दे, सेंटरवर पण शेजारचा पाय हलवत असतोच.

क्वांटचं थोडक्यात सांगते कारण शॉर्टकटवर ढीगभर सामान मिळतं. टक्के अपूर्णांकात पाठ हवेत, एक षष्ठांश १६.६६, एक सप्तमांश १४.२८, अष्टमांश १२.५, नवमांश ११.११, एक अकरांश ९.०९. ६४८ चे ३७.५ टक्के आले की गुणाकार मांडायचा नाही, तीन अष्टमांश आहेत ते, ६४८ ला आठने भागा ८१, तिप्पट २४३, संपलं. दोन वर्षांचं चक्रवाढ आणि सरळव्याज यातला फरक विचारला, मुद्दल १२,००० आणि दर १० टक्के, तर मुद्दलाचा दहावा भाग १,२००, त्याचा परत दहावा भाग १२०, हेच उत्तर. आणि ऑप्शन आधी बघा. ३९८ चे २१.९ टक्के विचारले आणि ऑप्शन ६३, ७५, ८७, ९८, ११० असे लांब-लांब असतील तर ४०० चे २२ टक्के ८८, म्हणजे ८७, पुढे. ऑप्शन ८६.९, ८७.२ असे खेटून असतील तरच पेन उचला. अॅब्स्ट्रॅक्टच्या आकृत्या दिसल्या तर दिसल्या, २० सेकंदांत पॅटर्न नाही दिसला तर अजून दोन मिनिटं टक लावूनही दिसत नाही, तिथे हट्ट करू नका.

कॅट (आयआयएमच्या प्रवेशाची) किंवा जीआरई (परदेशात शिकायला जाण्यासाठीची) देणार असाल तर वरचं जसंच्या तसं उचलू नका. कॅटला २०२० पासून तीन सेक्शन ४० मिनिटांचे, एकातून दुसऱ्यात जाता येत नाही, बरोबरला तीन मार्क आणि एमसीक्यू चुकला तर एक वजा, म्हणून तिथे डोळे मिटून भरायचा प्रकार अंगाशी येतो, फक्त टाइप करून द्यायच्या उत्तरांना निगेटिव्ह नाही. डीआयएलआरमध्ये (डेटा आणि लॉजिकच्या सेक्शनमध्ये) पहिली चार-पाच मिनिटं पेन न उचलता सगळे सेट नुसते वाचून कुठले घ्यायचे ते ठरवायचं, तिथे पण शेवटी सोडण्याचाच खेळ. जीआरई सप्टेंबर २०२३ पासून छोटी झाली, एकूण १ तास ५८ मिनिटं, मध्ये ब्रेक नाही. क्वांटमध्ये १२ प्रश्नांना २१ मिनिटं आणि मग १५ ना २६, व्हर्बलमध्ये १२ ना १८ आणि १५ ना २३. तिथे निगेटिव्ह नाही, मार्क करून परत येता येतं पण त्याच सेक्शनमध्ये, आणि पहिला सेक्शन कसा गेला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. म्हणजे क्वांटच्या प्रश्नाला पावणेदोन मिनिटं मिळतात, सीईटीच्या दुपटीहून जास्त, आणि व्हर्बलच्या प्रश्नाला दीड, तरी लोक रडतातच.

पेपरात मध्येच डोकं सुन्न होतं, तीन प्रश्न लागोपाठ कळेनासे होतात, ते सगळ्यांना होतं. माउसवरून हात काढा, पाय जमिनीवर टेकवा, चार श्वास, पंधरा सेकंद जातात, जाऊ देत. मग व्हर्बलमधले सिनॉनिम किंवा एखादा सोपा कोडिंग-डिकोडिंग शोधा आणि दोन-तीन पटापट करा, हात परत चालायला लागतो.

आणि सेंटरला पोचायचं. हॉल तिकिटावरची गेट बंद व्हायची वेळ बघा, पेपरची नाही. ठाणेकरांना नवी मुंबईत सेंटर आलं की वाटतं अर्ध्या तासाचं तर काम, पण घोडबंदरवरून स्टेशनला येईपर्यंतच तेवढा वेळ जातो. कॅट रविवारी असते आणि रविवारी मेगाब्लॉक असतो, तो शनिवारी रात्री बघून ठेवा, ट्रान्स हार्बर बंद असेल तर ऐरोलीमार्गे बस किंवा रिक्षाची सोय आधी करा. सेंटर वाशीला असेल तर वाशीचीच गाडी पकडा, पनवेल-नेरुळवाली तुर्भ्यानंतर जुईनगरला वळते, सानपाडा-वाशीला जातच नाही. घाईत चुकीच्या गाडीत चढलात तर तुर्भ्यालाच उतरा आणि मागची वाशी पकडा, जुईनगरपर्यंत जाऊन मग विचार करत बसू नका.